पहिल्या घोटाआधीचे पंधरा दिवस: सुटलेलं व्यसन सुटलेलंच कसं ठेवायचं

दारू, गर्द, झोपेच्या गोळ्या किंवा तंबाखू सोडून ज्यांना काही दिवस किंवा काही आठवडे झाले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पुन्हा सुरू झालेलं व्यसन बहुतेकांना 'अचानक' सुरू झाल्यासारखं वाटतं. मागे वळून नीट पाहिलं तर दिसतं की पहिला घोट ही घसरणीतली जवळजवळ शेवटची घटना होती. त्याआधी पंधरा दिवस झोप बिघडली होती, व्यसन सोडलेल्यांच्या गटाच्या मीटिंगला जाणं राहून गेलं होतं, घरात एखादं बारीकसं खोटं बोलून झालं होतं. त्या दिवसांतच हात घालता आला तर पहिल्या घोटाशी झुंजायची वेळ सहसा येत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

एक गोष्ट आधी. अजून सोडलं नसेल आणि रोजची दारू भरपूर असेल, किंवा झोपेच्या वा चिंतेवरच्या गोळ्या अनेक महिने चालू असतील, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. दारूच्या शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हाताला कंप, घाम, अस्वस्थता सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वात जास्त असतो. भास होणं, आपण कुठे आहोत याचं भान सुटणं हे साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान दिसतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. हे टप्पे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार करायचे असतात. ते औषधांचा डोस हळूहळू उतरवतात आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात. थायमिनची कमतरता तशीच राहिली तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं.

पायरी १: शरीराला लागणारा वेळ आधीच मोजून ठेवा

पहिला आठवडा सरला की घरचे म्हणतात, "आता झालं ना बरं?" आणि स्वतःलाही तसंच वाटत असतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात झोप लागत नाही, चिडचिड होते, कशातच गोडी वाटत नाही, साधी गोष्ट लक्षात राहत नाही. 'सोडूनही बरं वाटत नाही, मग उपयोग काय?' हा विचार याच वेळी येतो आणि अनेकांना परत ओढून नेतो.

यामागचं कारण शरीराचं आहे. वर्षानुवर्षं मेंदूला आनंदाचा मोठा डोस बाहेरून मिळत होता, म्हणून त्याने स्वतःची यंत्रणा मंदावून ठेवलेली असते. ती पुन्हा सुरळीत व्हायला आठवडे, कधी काही महिने लागतात. दारू सुटल्यावर झोपेची घडी बसायलाही कित्येकदा तेवढाच काळ जातो. निकोटिनचं तसं नाही. त्याचा त्रास पहिल्या तीन दिवसांत सर्वात तीव्र असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. सिगारेट सोडणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. धुरामुळे शरीर कॅफिन लवकर संपवत असतं. धूर बंद झाला की तेवढ्याच चहा-कॉफीचा परिणाम जास्त वेळ राहतो, हात थरथरतात, झोप उडते. अनेकजण याला 'सिगारेटची तलफ' समजतात. चहा-कॉफी निम्म्यावर आणून पाहा.

झोपेसाठी एकच नियम कडक पाळा: उठायची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. अंथरुणात २० मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं करावं आणि डोळे जड झाल्यावरच परत जावं. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये, शेजाऱ्याकडची तर मुळीच नाही. तसंच कायम उदास वाटत असेल किंवा जगणं नकोसं होत असेल तर ते 'सोडल्यामुळे होतंच' म्हणून अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

पायरी २: घर आणि फोन साफ करा

हे साधारण दोन तासांचं काम आहे, पण एकट्याने करायचं नाही. सोबत असा माणूस हवा जो स्वतः ते व्यसन करत नाही. लपवलेल्या जागा फक्त तुम्हालाच माहीत असतात. त्या त्याच्यासमोर मोठ्याने सांगायच्या: पाण्याच्या टाकीमागे, गाडीच्या डिकीत, जुन्या बुटात, पुस्तकांच्या मागे, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. सापडलेलं ओतून द्यायचं. कुणाला द्यायचं नाही, विकायचं नाही, 'पाहुण्यांसाठी' ठेवायचं नाही. पेले, लायटर, ॲशट्रे, फॉइल, चिलीम हेही जाऊ द्या. ओढ जागी करायला नुसती ती वस्तू दिसणंही पुरतं.

मग औषधांचं कपाट. खोकल्याची काही औषधं आणि काही माउथवॉश यांत अल्कोहोल असतं. लेबल वाचा. उरलेल्या वेदनाशामक गोळ्या बाहेर काढा.

शेवटी फोन. माल पुरवणाऱ्यांचे नंबर नुसते खोडून भागत नाही, कारण ते पाठ असतात. ब्लॉक करा, ग्रुपमधून बाहेर पडा. पहिले तीन महिने हातात मोठी रक्कम न ठेवणं बहुतेकांना उपयोगी पडतं. पण हे दोघांनी बोलून ठरवावं. घरच्यांनी न सांगता पाकीट काढून घेतलं तर त्यातून भांडण होतं, आणि भांडण हे स्वतःच घसरणीचं एक मोठं कारण आहे.

पायरी ३: दोन आठवडे वही लिहा

तुमची ओढ नेमकी कधी येते याचा अंदाज बहुतेक वेळा चुकीचा असतो. 'पार्टीत येते' असं वाटत असतं. वहीत मात्र दिसतं की ती रविवारी दुपारी चार वाजता, घर रिकामं असताना येते. म्हणून १४ दिवस प्रत्येक ओढ लिहायची, बारीकशी असली तरी. दिवस, वेळ, जागा, सोबत कोण, त्याआधी काय झालं, शून्य ते दहामध्ये जोर किती, काय केलं, २० मिनिटांनी जोर किती. एक नोंद अशी दिसेल:

"मंगळवार, ६:४०. कामावरून निघालो. साहेबांनी सगळ्यांसमोर चूक काढली. दुपारी जेवलो नव्हतो. एकटा. जोर ८. छातीत गच्च, तोंडाला पाणी. चुलतभावाला फोन, १२ मिनिटं बोललो. ७:०५ ला जोर ३."

पाच ओळी आहेत, पण त्यात चार धागे हाती लागतात: अपमान, रिकामं पोट, एकटेपणा आणि संध्याकाळचा रस्ता. यातला पोटाचा धागा सर्वात सोपा. निघण्याआधी काहीतरी खायचं, एवढंच.

पुन्हा व्यसनाकडे वळण्यावर मूलभूत काम करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी घसरणीचे प्रसंग तपासले, तेव्हा तीन प्रकार वरचढ निघाले: मनातली कडवट भावना, कुणाशी तरी झालेला खटका आणि सोबत्यांचा आग्रह. तुमच्या नोंदी या तिघांत वाटून पाहा. एका गटात बहुतेक सगळ्या पडल्या तर तयारी कुठे करायची ते आपोआप कळतं. आनंदाचे प्रसंगही सुटू देऊ नका. बढती, निकाल, जुन्या मित्राची भेट, अशा वेळी 'आज तर हक्कच आहे' हा विचार फार सहज येतो.

पायरी ४: ओढ आली की पुढची तीस मिनिटं

ओढ वाढत वाढत जाईल आणि शेवटी प्यावंच लागेल, असं आतून वाटत असतं. प्रत्यक्षात ती चढते, माथ्यावर जाते आणि उतरते. बहुतेक वेळा हे सगळं १५ ते ३० मिनिटांत होतं. आजवर ती उतरताना पाहिलीच नाही, कारण प्रत्येक वेळी त्याआधीच घोट घेतला गेला. मार्लट यांनी याला लाटेवर स्वार होण्याची उपमा दिली होती. लाटेला छातीने अडवायला गेलं की ती आपटते, तिच्यावर तरंगलं की ती किनाऱ्याला लागून विरते.

करायचं ते या क्रमाने:

१. जागा सोडा. दुकानासमोर, त्या खोलीत, त्या माणसाजवळ उभं राहून ओढ उतरत नाही. पाय आधी हलवा, विचार नंतर.

२. घड्याळ पाहा आणि ३० मिनिटांचा अलार्म लावा. 'कधीच पिणार नाही' अशी शपथ आत्ता घालू नका, ती डोईजड होते. 'अलार्म वाजेपर्यंत नाही' एवढंच पुरे.

३. ठरलेल्या माणसाला फोन करा. पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तीन नंबर आधीच लिहून ठेवलेले हवेत. काय बोलायचं तेही ठरलेलं हवं, कारण त्या क्षणी शब्द सुचत नाहीत: "मला आत्ता प्यावंसं वाटतंय. सल्ला नको, अर्धा तास नुसता बोलत राहा."

४. फोन लागला नाही तर शरीरात ओढ कुठे आहे ते शोधा. घशात, पोटात, जबड्यात? ती जागा ताणलेली आहे की गरम? तिथे लक्ष ठेवून सावकाश श्वास घ्या. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ. लक्ष भरकटलं तर परत तिथेच आणा.

५. अलार्म वाजला की जोर पुन्हा मोजून वहीत लिहा. अजूनही ५ च्या वर असेल तर आणखी ३० मिनिटं, आणि या वेळी कुणाच्या तरी समोर जाऊन बसा.

इथे सर्वात जास्त चुकतं ते ओढीशी वाद घालण्यात. 'एकच घेतला तर काय होईल', 'मी आता बदललोय', 'तो बघ, तो पितो तरी ठणठणीत आहे', असे मुद्दे मनात एकामागून एक येतात आणि आपण त्यांना उत्तरं देत बसतो. त्या वादात ओढच जिंकते, कारण न्यायाधीशही तिचाच असतो. मुद्द्याला उत्तर देऊ नका, जागा बदला. ज्यांना हे अवघड जातं त्यांनी पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचा कागद खिशात ठेवावा. एका बाजूला ते तीन नंबर. दुसऱ्या बाजूला शेवटच्या वेळेचं स्वतःच्या हाताने लिहिलेलं खरं वर्णन: सकाळी कुठे जाग आली, कोण रडत होतं, काय हरवलं होतं. मन पहिल्या घोटापर्यंतचंच चित्र दाखवतं, कागद दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवतो.

पायरी ५: घसरण सुरू झाली आहे हे ओळखा

हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि नवख्यांचं नेमकं याच्याकडे दुर्लक्ष होतं. एक शुक्रवार घ्या. पगार झालेला. घरी "उशीर होईल" एवढाच निरोप, कारण सांगितलेलं नाही. नेहमीच्या रस्त्यावर गर्दी असते म्हणून जुन्या गल्लीतून जायचं ठरतं. गल्लीत जुना मित्र भेटतो. "नुसतं बसू, तू थंड घे." बसल्यावर थंड येतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर आपण 'नको' म्हणायला अर्धा क्षण उशीर करतो.

यातला कुठलाच निर्णय पिण्याचा नव्हता. प्रत्येकाला सबळ कारण होतं. पण सगळे एकाच दिशेने घेतलेले होते. या साखळीत सर्वात सोपी कडी पहिली, म्हणजे तो अर्धवट निरोप. मित्रासमोर बसून उठायला जेवढं बळ लागतं, त्याच्या शंभराव्या हिश्शात "पगार झालाय, मन लागत नाहीये, मला घ्यायला ये" असं सांगता येतं. म्हणून साधी कसोटी ठेवा: जी गोष्ट करताना ती घरच्यांपासून किंवा स्पॉन्सरपासून, म्हणजे गटातल्या मार्गदर्शक जुन्या सदस्यापासून, लपवावीशी वाटते, तिथे थांबायचं आणि तीच आधी सांगायची.

आधीच्या दिवसांतली लक्षणंही ठरावीक असतात. मीटिंग किंवा समुपदेशकाची वेळ सलग दोनदा चुकवणं. जेवणखाण आणि अंघोळीच्या वेळा विस्कटणं. जुन्या दिवसांची मजा आठवणं, त्रास न आठवणं. लोकांवर, विशेषतः मदत करणाऱ्यांवर, राग धरणं. 'मला आता याची गरज नाही' असं वाटणं. यातली कुठलीही दोन लक्षणं तीन दिवस टिकली तर ओढ नसतानाही फोन करायचा, असा करार आधीच करून ठेवा. घरच्या एका माणसालाही ही यादी द्या आणि विचारायची परवानगी द्या. त्याने "पुन्हा सुरू केलंस का?" असं विचारायचं नाही, "या आठवड्यात झोप कशी आहे?" असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाने माणूस गप्प होतो, दुसऱ्याने बोलता होतो.

रोज रात्री चार गोष्टी तपासायची सवय लावा: भूक, राग, एकटेपणा, थकवा. चारांपैकी दोन असतील तर दुसऱ्या दिवसाचा बेत हलका करायचा.

पायरी ६: औषधांबद्दल स्पष्ट बोलून घ्या

औषध घेणं म्हणजे मनाचा कमकुवतपणा, ही समजूत सोडायला हवी. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही औषधं ओढ आणि पुन्हा पिण्याचं प्रमाण कमी करायला मदत करतात. कुणाला कुठलं चालेल हे यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासणीवर ठरतं. अफूजन्य वेदनाशामक किंवा गर्द चालू असताना नाल्ट्रेक्सोन घेतलं तर त्रास एकदम उसळतो, म्हणून ते पदार्थ बंद होऊन साधारण ७ ते १० दिवस जावे लागतात.

डायसल्फिराम वेगळ्या पद्धतीने काम करतं. दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते पुढे तोडलं जातं. हे औषध ती पुढची पायरी अडवतं. वर दारू गेली तर चेहरा लाल होतो, धडधड, उलट्या सुरू होतात, रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणूनच ते जेवणात लपवून देणं धोक्याचं आहे. हृदयाचा आजार असलेला माणूस त्यात दगावू शकतो. घरच्यांची हतबलता समजते, पण हा मार्ग धरू नका. माणसाच्या संमतीने, रोज सकाळी कुणाच्या तरी समोर घेतलं तर तेच औषध चांगला आधार देतं: सकाळी एकदा निर्णय झाला की दिवसभर तो पुन्हा घ्यावा लागत नाही.

अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन दीर्घकाळ दिलं जातं. 'एक नशा सोडून दुसरी धरली' असा टोमणा त्यावर ऐकू येतो. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये त्यामुळे मृत्यूचा धोका ठळकपणे कमी होतो. टोमण्याला कंटाळून ते एकदम बंद करणं हे घसरणीचं आणि मृत्यूचंही मोठं कारण आहे.

पायरी ७: माणसं जोडा, आणि नाही म्हणायचा सराव करा

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना १९३५ साली सुरू झाली ती एका व्यसनी माणसाने दुसऱ्याशी बोलण्यातून. 'फक्त आजचा दिवस' ही तिथली भाषा नवख्याला फार उपयोगी पडते. एखाद्या मीटिंगमध्ये मन रमलं नाही तर दुसरा ग्रुप पाहा. निदान सहा मीटिंग झाल्याशिवाय मत बनवू नये. कुणाला गटापेक्षा समुपदेशक बरा वाटतो, तेही चालेल. फक्त कुणीच नाही, असं चालत नाही.

नकार छोटा असावा: "नको, मी घेत नाही." कारण दिलं की समोरचा त्या कारणाशी भांडतो. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर तेच वाक्य, त्याच आवाजात. तिसऱ्यांदा झाला तर उठायचं. आरशासमोर नाही, माणसासमोर दहा वेळा म्हणून पाहा. पहिल्या तीन-चार वेळा आवाज अडखळतो, पुढे सरावतो. जिथे जायलाच लागणार तिथे परतीचं वाहन स्वतःचं ठेवा.

पायरी ८: घोट घेतलाच गेला तर

एक घसरण आणि पूर्ण परत जाणं यांत जे अंतर असतं ते बहुतेक वेळा शरमेने भरलेलं असतं. 'सगळं वाया गेलं, आता काय उरलं' या विचारातून दुसरा, तिसरा पेला होतो. चार महिने वाया गेलेले नसतात. त्या चार महिन्यांत शिकलेलं सगळं हाताशी असतं.

उरलेलं ओता. तिथून निघा. एका माणसाला त्याच रात्री सांगा, सकाळी नको, कारण सकाळपर्यंत लपवायची गोष्ट तयार झालेली असते. २४ तासांत डॉक्टर किंवा समुपदेशकाला भेटा. अनेक दिवस पिणं झालं असेल तर पुन्हा सोडताना वरचे फिट आणि भासांचे धोके परत लागू होतात. दोन दिवसांनी डोकं शांत झाल्यावर वहीत मागे जात लिहा: त्या दिवशी, त्याआधी तीन दिवस, त्याआधी पंधरा दिवस काय घडलं. पुढच्या वेळी कुठली कडी तोडायची ते तिथे सापडेल.

गर्द किंवा अफूजन्य गोळ्या सोडलेल्यांसाठी जीवावरची बाब: काही दिवस-आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते. पूर्वी रोज चालणारा डोस आता श्वास थांबवू शकतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकतेच बाहेर आलेल्यांत म्हणूनच मृत्यू जास्त होतात. घरच्यांनी नॅलोक्सोन, म्हणजे अफूजन्य पदार्थाचा जास्त डोस उतरवणारं औषध, मिळतं का ते डॉक्टरांना विचारून ठेवावं. श्वास मंद, ओठ निळसर, हाक मारून जाग येत नाही असं दिसलं तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवावी. झोपून उतरेल म्हणून वाट पाहू नये.

पायरी ९: वर्षानंतर

रोजची वही वर्षानंतर बंद झाली तरी चालेल. महिन्यातून एक तारीख ठरवून पाचव्या पायरीतली लक्षणं एकदा तपासा. नव्या व्यसनावर नजर ठेवा. दारू सोडलेल्या माणसाचा जुगार, झोपेच्या गोळ्या किंवा 'नुसता गांजा' सुरू झाला तर तीच साखळी दुसऱ्या दारातून आत आलेली असते.

आणि शस्त्रक्रिया, दाताचं काम किंवा अपघात झाला तर डॉक्टरांना आणि भूलतज्ज्ञांना आधीच सांगा: काय व्यसन होतं, केव्हा सुटलं, सध्या कुठलं औषध चालू आहे. नाल्ट्रेक्सोन चालू असेल तर नेहमीची अफूजन्य वेदनाशामकं काम करत नाहीत, म्हणून हे कळणं त्यांना गरजेचं असतं. दुखणं सोसून दाखवायची गरज नाही, न शमलेली वेदनाही परत ओढून नेते. वेदनाशामक गोळ्या लागल्याच तर किती दिवस आणि किती, हे चिठ्ठीवर लिहून घ्या. पाकीट घरातल्या दुसऱ्या माणसाकडे राहू द्या, त्याने एका वेळची गोळी मोजून हातात द्यावी, आणि शेवटच्या तारखेला उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात किंवा दवाखान्यात परत करून याव्यात.